नव्या तेलाचा डबा

गाडी माझी होती, पण ती नागपूरच्या रस्त्याला लावायची म्हटलं की वडिलांचा चेहरा पडायचा. आई गेल्यापासून चामोर्शीजवळच्या त्या घरात आम्ही दोघंच. ते बोलायचे कमी, मी चिडायचो जास्त. तीन वर्षं मी तिथे नुसता कुजत होतो. अशात नागपूरच्या एका औषध कंपनीत फिरतीची नोकरी मिळाली, तीही स्वतःची गाडी आहे म्हणून. सोमवारी सकाळी गाडीसकट हजर व्हायचं होतं.

रविवारी तेल बदलायला घेतलं. आमच्याकडे मिस्त्री कुठला! नव्या तेलाचा डबा आणि फिल्टर मीच चांद्याच्या बाजारातून आणून ओट्यावर ठेवले होते. पुढची चाकं दोन सागवानी ओंडक्यांवर चढवली, मागच्यांना दगड लावले, इंजिन जरा तापवलं आणि घमेलं घेऊन खाली सरपटत गेलो. तेल सोडायचा बोल्ट काही केल्या हलेना. हलला तेव्हा गरम तेल कोपरापर्यंत ओघळलं. मी शिव्या घातल्या. कुणाला, ते मलाच माहीत नाही.

तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. मला खालून फक्त पाय दिसत होते, वडिलांच्या वहाणा आणि समोर दोन अनवाणी पावलं.

"भाऊ, मार्कंड्याले चाललो जत्रेले. चाकं लय करकरून राह्यले. वंगण भेटन काय थोडंसं?"

"न्या ना," वडील म्हणाले.

काळं तेल तसंही फेकायचंच होतं. मी खालूनच ओरडलो, "थांबा जरा, निथळू द्या!" थोड्या वेळाने बैलगाडी निघून गेली. त्यांना घाई असेल, असं मला वाटलं.

नवा फिल्टर बसवला, बोल्ट आवळला, बाहेर आलो. ओट्यावर डबा नव्हता.

"नवं तेल कुठी हाय?"

"त्याइले देलं. देवाले चाललेल्या माणसाले काळं तेल कसं द्याचं?"

"अख्खा डबा?"

"रस्त्यावर आणखी तीन गाड्या होत्या त्याइच्या."

"मंग मी आता जाऊ कसा?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काऊन, जाणंच लागते काय?"

माझं डोकंच फिरलं. घमेलं उचललं आणि जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून तेच काळं तेल गाळून परत इंजिनात ओतायला लागलो. एकट्याला फडकं धरता येईना. वडील मुकाट्याने उठले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. तेल मनगटावरून खाली गळत होतं, पण त्यांनी टोक सोडलं नाही. मला त्यांचा संताप आला होता आणि रडूही येत होतं.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला आणि तिथेच राहिला. नागपूरपर्यंत ती सहज गेली असती. वडील ओट्यावर जाऊन बसले होते. हात पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं. 'जाणंच लागते काय' असं ते पुन्हा म्हणाले असते, तर मी तावातावाने निघालो असतो. ते नुसते गाडीकडे बघत राहिले. मी इंजिन बंद केलं.

पुढे कितीतरी दिवस लोक विचारायचे, नोकरीचं काय झालं म्हणून. वडील सांगायचे, "गाडीत तेलच नोहतं."

मी शेजारी बसून मान हलवायचो.