तांबडा की काळी

आमच्या शिंगणापूरच्या घरात दोन कुत्री होती. तांबडा वाटेवरून मागं मागं आलेला. काळी मात्र माझी. डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून माझ्या हातच्या दुधावर वाढलेली. मला दम लागायला लागला तेव्हा घरात कधी नव्हे ते एकमत झालं. "तांबड्याचंच हाय हे," नवरा म्हणाला, "केस बघ की लई गळत्यात त्याचे." मलाही पटलं. पटवून घेतलं म्हणा ना!

नगरच्या डॉक्टरांनी माझ्या हातावर ओळीनं थेंब टाकून सुई टोचली. कुत्र्याच्या थेंबाखाली टम्म गांध उठली.

"पण कोणत्या कुत्र्याची?" मी विचारलं.

ते हसले. "चाचणी फक्त कुत्रा सोसत नाही एवढं सांगते. कोणता किती त्रास देतो, ते एकेकाला लांब ठेवून बघा. आणि केसांवर जाऊ नका. त्रास लाळेचा, कातडीच्या कोंड्याचा असतो, आणि तो प्रत्येक जनावराचा कमीजास्त. रात्री खोलीचं दार लावून झोपत जा."

"अहो डॉक्टर, आमच्या गावात घरांना दारंच नसतात!"

तांबड्याला बेलापूरला माझ्या भावाकडे धाडलं. मी घर धुऊन काढलं, गोधड्या उन्हात टाकल्या. दोन महिने झाले तरी दम तसाच, आणि काळी आपली माझ्या उशाशी. नवरा म्हणाला, एका खोलीला दार बसवू. सासूबाई कडाडल्या, "देवाच्या गावात कुत्रीपायी दार? मी जित्ती हाय तवर न्हाई!" मग एकदा डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप ओढूनही श्वास येईना, तेव्हा मीच भावाला फोन केला, तांबड्याला परत आण आणि काळीला घेऊन जा.

भाऊ टेम्पो घेऊन आला. तांबडा टुणकन उतरून घरात पळाला. काळी काही केल्या चढेना. भाकरी दाखवली, ओढलं, तिनं चारी पाय रोवले.

"ताई, आधी तू बस बरं," भाऊ म्हणाला.

मी केबिनमध्ये बसले. काळी लगेच माझ्यामागून चढली आणि मांडीवर डोकं टाकून निवांत झाली. तिला थोपटत थोपटत मी पलीकडून उतरले. माझ्या जागी भाऊ बसला.

महिन्याभरात दम थांबला. "बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या, "श्वास तरी नीट येतोय आता."

येत होता, आणि मला त्या श्वासाचाच राग येत होता.