पाटीवरची मोकळी जागा

आमच्या गल्लीतल्या शैलाताईंच्या शिलाईच्या दुकानाची पाटी आज पुन्हा रंगवायला घेतली होती. नावाखालची दोन ओळींची जागा बारा वर्षं कोरीच होती. पुढे शाखांचे पत्ते येतील म्हणून त्यांनीच ती सोडायला लावली होती.

पेंटर म्हणाला, "ताई, या खेपेला अक्षरं मोठी करू का? पाटी भरल्यासारखी दिसेल."

शैलाताई हातातल्या कात्रीसकट बाहेर आल्या आणि त्यांनी मान वर करून पाटी बघितली. "करा थोडी मोठी," त्या म्हणाल्या, "पण एका ओळीची जागा राहू द्या. एक शाखा तरी काढायचीच आहे."

दोनाची एक झाली याचं वाईट वाटून घ्यावं की बरं, मला कळेना. पण त्यांनी इच्छा टाकून दिली नव्हती. सैल झालेल्या ब्लाउजला टीप मारावी तशी ती अंगाबरोबर करून घेतली होती.

मलाही एके काळी घरी गाण्याचा क्लास काढायचा होता. परत आले, किल्ली काढली आणि दारापाशीच थांबले. आमच्या पाटीवर आडनाव या कडेपासून त्या कडेपर्यंत बसवलंय. खाली 'गायन वर्ग' एवढे दोन शब्द लिहायलाही जागा ठेवलेली नाही.