मातीत उतरवलेला करंट

आमच्या पिंपळवंडीत डीपीची, म्हंजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीची, फ्यूज उडाली की वायरमनची वाट कुणी बघत नसे. "रामदासभाऊ, फेज गेली" अशी हाक थेट आमच्या दारात यायची. रामदास म्हंजे आमचे मालक. हातातला घास ठेवून निघायचे. मी मागून बडबडायचे, "वीज बोर्डाचं हापिस आपल्या घरात हाय का?" ते नुसते हसायचे. लई मान वाटायचा त्यांना त्यात.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच डीपीनं त्यांना फेकलं. हातापासून मानेपर्यंत भाजले. लोकांनी ओल्या वाफ्यात खड्डा खणला आणि त्यांना गळ्यापर्यंत पुरलं. माती करंट ओढून घेते, असं आमच्याकडं मानतात. घटकाभरानं ह्यांनी चहा मागितला आणि सगळे म्हणाले, उतरला करंट. मग आळेफाट्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "जखमा भरतील, पण डोळे तपासत राहा. मानेला करंट लागला की मोतीबिंदू मागाहून येऊ शकतो." सासूबाई घरी म्हणाल्या, "मातीनं ओढून घेतलाय, आता कशाचं मागाहून?" मलाही तेच ऐकायला बरं वाटलं. परत कुणी गेलंच न्हाई.

दिवाळीनंतर ह्यांचा चहा बशीबाहेर सांडायला लागला. दारात माणूस आला, की तो बोलेपर्यंत हे गप्प. विचारलं की खेकसायचे, "धूळ गेलीय डोळ्यात." चाळिशी गाठली नव्हती अजून. काळजीनं मला जेवण उतरायचं न्हाई. आणि हा बाबा डीपीवर जायचा थांबत नव्हता.

एकदा कांद्याला पाणी चालू असताना फेज गेली. हाक आली, हे निघाले. मीही मागं गेले. पेटी उघडून हात घालता घालता ते थांबले आणि हळूच म्हणाले, "जया, खटका खाली हाय ना?"

खटका वर व्हता, म्हंजे करंट चालूच. मी त्यांना शर्ट धरून मागं ओढलं, तसे दोघंही बांधावर पडलो.

"कधीपासनं दिसत न्हाई?"

"माणसं दिसत्यात," ते म्हणाले. "तोंडं दिसत न्हाईत."

पुण्यात उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावाही तसाच झालाय, आणि करंटनं मणक्याच्या नसाही मागाहून जाऊ शकतात, म्हणून हातापायातली ताकद गेल्यासारखी वाटली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं. पट्टी निघाली तेव्हा हे माझ्याकडं बघतच राहिले.

"अगं, एवढी कशी वाळलीस?"

"दिवाळीपासनं वाळतीय," मी म्हणाले. "तुमाला आज दिसलं."