चंपतभाऊंची लाल फुली

चंपतभाऊंचा भरवसा जगात दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या डोळ्यांवर आणि लाल ऑइलपेंटवर. चाळिशी लागल्यापासून डोळ्यांचाही भार पेंटवरच आला.

मंगरूळपीरला लागून त्यांची भाजीची वाडी आहे. वांग्यांचं क्रेट बाजारात निघालं, की त्यावर लाल फुली पडायचीच. चांगलं क्रेट जातं आणि परत येताना फुटकं येतं, हा त्यांचा अनुभव. पुढे फुली पसरत गेली. फवारणीच्या पंपावर, विळ्यावर, शेजाऱ्याला दिलेल्या बादलीवर. त्यांच्या बायको ललिताबाई म्हणायच्या, लग्नात मला कुंकवावरच सोडलं, हे नशीब.

तरुणपणी चंपतभाऊंना बसवर ड्रायव्हर व्हायचं होतं. भरतीत उंची बोटभर कमी भरली. मोजणाऱ्याने टेप ढिला धरला होता, असा संशय त्यांनी तीस वर्षं जपला. मग मुलगा धीरज नोकरीसाठी पुण्याला गेला, घरी कॉम्प्युटर राहिला आणि त्यात बस चालवायचा एक गेम. दर रविवारी सकाळी आठला धीरज पुण्याहून आणि चंपतभाऊ घरून, ऑनलाइन एकाच रस्त्यावर आपापल्या बसेस काढायचे. पुढे धीरजची, मागे चंपतभाऊंची, कानाला हेडफोन.

एरवी फोनवर धीरज म्हणजे ‘जेवलो’ आणि ‘ठेवतो’. स्टेअरिंगवर मात्र तो बोलायचा. साहेब कसा आहे, खोलीतला भिडू कसा घोरतो. एका रविवारी घाट चढता चढता त्याने योगिनी नावाच्या मुलीचं नाव घेतलं, आणि तेवढ्यात वळण आलं म्हणून गप्प झाला. चंपतभाऊंनी आठवडाभर त्या वळणाची वाट पाहिली.

पुढच्या रविवारी बस गचके खाऊ लागली. दहा मिनिटं ठीक, मग रस्ता थबकायचा, समोरचा ट्रक उडी मारून आरशात दिसायचा. धीरजने फोनवरून उपाय सांगितले. स्क्रीनवरच्या बाकीच्या खिडक्या बंद करा, गेममधल्या सावल्या बंद करा, झाडं कमी करा. झाडं कमी करा म्हटल्यावर चंपतभाऊंचे कान टवकारले. शेतकऱ्याला झाडं तोडायला सांगणारा मुलगा नक्की काहीतरी टाळतो आहे. शेवटी धीरज म्हणाला, “राहू द्या बाबा, नीट झालं की पाहू.” म्हणजे योगिनीही राहिली.

गेम बिघडला की बिघडवला, याचा विचार चंपतभाऊंनी दोन दिवस केला. दुरुस्तीला सतीशकडे न्यावं लागणार होतं. सतीश धीरजचा वर्गमित्र, बसस्टँडजवळ नवीनच दुकान टाकलेला. मुलगा गुणी होता. पण दुरुस्तीवाले आतला माल बदलतात, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. चंपतभाऊंनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. मेमरीच्या दोन पट्ट्या कुठल्या, हे धीरजने बसवताना त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्या काढल्या, दोन्हींवर ठसठशीत लाल फुली मारली, वाळवल्या आणि परत बसवल्या.

सतीशने डबा उघडला तर आतला पंखा कांद्याच्या पापुद्र्यांनी भरलेला. कॉम्प्युटर कांद्यांच्या खोलीत होता. पंख्याने वर्षभराचे पापुद्रे ओढले आणि मशीनला धाप लागली, म्हणून सुरुवातीचे गचके. त्याने ते ब्रशने काढले आणि पंख्यामागच्या पट्ट्यांकडे न पाहताच डबा बंद केला. पण गेम सुरू केला, तर आता पहिल्या मिनिटापासूनच अडखळायला लागला. त्याने स्क्रीनवर पाहिलं आणि सांगितलं, काका, मेमरी चार जीबीच दाखवून राह्यली. मेमरी म्हणजे भाजीचा ओटा समजा. ओटा लहान पडला की माल सारखा गोदामातून आणावा लागतो, म्हणून गाडी अडते. अजून चारची पट्टी लागेल.

चंपतभाऊ फक्त “बरं” म्हणाले. त्यांचं ‘बरं’ ज्यांना माहीत आहे, ते अशा वेळी जपून राहतात.

घरी येऊन त्यांनी धीरजला मेमरी किती ते विचारलं. आठ, चार-चारच्या दोन, असं उत्तर आलं. म्हणजे एक पट्टी सतीशने खाल्ली. आता कुणीही डबा उघडून पाहिला असता. पण आपण उघडला तर तो म्हणेल, काका, तुम्हीच काढली. उघडायचा तो चार माणसांत. तोवर त्यांनी भाजीबाजारात शेजारी बसणाऱ्या हेमसिंगला कानात सांगितलं, आणि हेमसिंगच्या कानात सांगितलेलं दुपारपर्यंत कामरगावला पोचतं.

शुक्रवारी सतीश स्वतःच वाडीवरच्या घरी आला. चेहरा उतरलेला. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं आपले डबे परत घेऊन गेली होती.

“काका, मी तुमची पट्टी काढली म्हणता?”

“मी काई म्हणत नाई. फुली बोलंल.”

हेमसिंगला पंच म्हणून बोलावलं. ललिताबाई भाजी निवडायची सोडून उभ्या राहिल्या. सतीशने डबा उघडला. आत एकच फुली असणार होती. चंपतभाऊ पाठीवर हात बांधून तयार होते.

फुल्या दोन निघाल्या. दोन्ही त्यांच्याच, डावी टोकं लांब ओढलेली.

सतीशने एक पट्टी उन्हात धरली. फुलीचं एक टोक ओघळून खालच्या सोनेरी दातांवर उतरलं होतं आणि तिथेच वाळलं होतं, म्हणून मशीनला ती पट्टी दिसतच नव्हती.

“हा रंग कोणं लावला, काका?”

हेमसिंग आभाळाकडे पाहू लागला. ललिताबाई म्हणाल्या, “कोण लावते बाप्पा, आमच्याच घरचा चोर.”

सतीशने नखाने रंग खरवडला, खोडरबरने दात घासले, पट्टी बसवली. स्क्रीनवर आठ आली. बस सुरू केली, लोण्यासारखी गेली. चंपतभाऊंनी चहाचं विचारलं. सतीश म्हणाला, “चहा नको. जेवढ्या लोकायले सांगतलं, तेवढ्यायले परत सांगा.”

शनिवारी चंपतभाऊंनी ते केलं. कानात सांगितलेलं मोठ्याने परत घ्यायला फार वेळ लागतो. ते प्रत्येक ओट्यापुढे थांबले आणि म्हणाले, “पट्टी सतीशनं नाई नेली, मीच रंगवली.” लोक हसले. एकाने आपल्या वांग्यावर फुली मारून मागितली. सतीशकडे एक डबा संध्याकाळीच परत आला. दुसरा अजून आलेला नाही. त्याच्या दुकानावरून जाताना चंपतभाऊ हल्ली मान खाली घालतात.

रविवारी आठला बसेस निघाल्या. झाडं जिथल्या तिथे, सावल्यांसकट. घाट लागला. चंपतभाऊंनी दोन वळणं जाऊ दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “ते योगिनी कोन्या गावची हाय?”

धीरजची बस जागीच थांबली.

“बाबा, आता माझंच अटकून राह्यलं.”

खरंच अटकलं, की अटकवलं? संशय त्यांच्या ओठांपर्यंत आला. मग खोडरबर घासणारा सतीश आठवला. त्यांनी बस कडेला घेतली, दिवे लावले.

“अटकू दे. मी थांबलो हाय.”

मागून दोन ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले. मग धीरज म्हणाला, “मेडशीची.”