श्वासातला हो

येर्डिस लुंडमार्क उत्तर स्वीडनमधल्या बुरत्रेस्कजवळच्या सात घरांच्या वस्तीत वाढली. तिचे वडील जंगलात लाकूडतोडीला जायचे आणि घरी आले की जेमतेम वीस शब्द बोलायचे. 'हो' हा त्या वीसांत नव्हता. आमच्या उत्तरेत 'हो' म्हणायला शब्द लागतच नाही. ओठांचा चंबू करायचा आणि झटकन श्वास आत ओढायचा. शूप्. झालं. कॉफी घेणार? शूप्. गाय व्याली? शूप्. लग्न करशील का, असं वडिलांनी विचारलं तेव्हाही तिच्या आईने एवढंच उत्तर दिलं होतं, आणि संसार एकेचाळीस वर्षं टिकला.

एकोणीसशे एकोणऐंशीत, एकोणिसाव्या वर्षी, येर्डिस स्टॉकहोमला गेली आणि चपलांच्या दुकानात लागली. पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी बूट घालून पाहिले आणि विचारलं, यात सदतीस नंबर आहे का? येर्डिसने श्वास ओढला. बाई घाबरल्या. पोरीला दमा आहे असं वाटून त्यांनी तिलाच खुर्चीवर बसवलं आणि पाणी मागवलं. दुकानातल्या मुलींना मग खेळच मिळाला. तिला मुद्दाम 'हो' उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि तिने श्वास ओढला की तोंड दाबून हसायचं. येर्डिसही हसायची. खोलीवर गेल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून मोठ्याने 'हो, हो' म्हणायचा सराव करायची. सहा महिन्यांत तो श्वासाचा आवाज तिच्या तोंडातून नाहीसा झाला.

त्या सुमाराला एका रविवारी तिने घरी फोन केला. आईने विचारलं, "वेळेवर जेवतेस ना?"

"हो," येर्डिस म्हणाली.

 आई म्हणाली, "माफ करा, मला येर्डिसशी बोलायचं होतं."

आईने थट्टा केली की तिला खरंच ओळखू आलं नाही, हे येर्डिसला शेवटपर्यंत कळलं नाही. मला ही गोष्ट सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातला कप तिने खाली ठेवला होता.

नऊ वर्षांनी आई आजारी पडली तेव्हा येर्डिस परत आली आणि उत्तरेतल्या उमेओ शहरातच राहिली. पुढच्याच वर्षी तातडीच्या मदतीच्या फोन केंद्रात लागली. तिथे माझं टेबल तिच्या शेजारी होतं. घरी, दुकानात, बस थांब्यावर तिचं शूप् पुन्हा सुरू झालं होतं, पण कामावर नाही. फोनवर श्वास ऐकू येत नाही, म्हणून स्पष्ट 'हो' म्हणावं, असा कागद भिंतीवर लावलेलाच होता. त्यात चूक काही नव्हतं. येर्डिसने तो मुकाट पाळला.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीतली सकाळ होती. बाहेर उणे बावीस. दक्षिणेकडून नुकताच आलेला मॅग्नुस एका फोनवर त्रासला होता. पलीकडून कोणी बोलत नव्हतं, मधूनच विचित्र आवाज येत होता. टवाळखोर फोन रोजचेच. "कुणीतरी मला मुके देतंय," असं म्हणत त्याने आम्हाला ऐकवायला स्पीकर लावला, आणि फोन तोडायला हात पुढे केला.

येर्डिस उठून उभी राहिली. "तोडू नकोस. तो माणूस हो म्हणतोय."

तिने फोन आपल्याकडे घेतला आणि विचारलं, तुम्हाला बोलता येत नाहीये का?

शूप्.

घरात आहात?

काहीच नाही. म्हणजे नाही. येर्डिसने समोरचा नकाशा पाहिला. मोबाइलवरून एवढंच कळत होतं की तो माणूस एका तळ्याभोवतीच्या पाच वस्त्यांपैकी कुठेतरी आहे. रुग्णवाहिका तळ्याच्या दिशेने निघाली, पण घरोघर शोधायला वेळ नव्हता. येर्डिस एकेक वस्तीचं नाव घेऊ लागली. तिसऱ्या नावाला श्वास आला, पण अगदी क्षीण. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मॅग्नुसने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा येर्डिसने स्वतःच श्वास आत ओढला. मोठ्याने, भरलेल्या खोलीत, भिंतीवरच्या त्या कागदासमोर. शूप्. मी आहे, ऐकतेय, असं सांगणारा तो आवाज होता. स्वयंपाकघरात पाठमोरं बसून आपली माणसं एकमेकांना देतात तसा. थोड्या वेळाने पलीकडून उत्तर आलं.

"चर्चच्या बाजूला?" नाही. "तळ्याच्या?" शूप्. "लाकडांच्या खोपीत पडलात?" शूप्. "घर पिवळं आहे?" शूप्.

रुग्णवाहिका पोचेपर्यंत ती त्याच्याशी बोलत राहिली. नंतर कळलं, त्याचं नाव हिल्डिंग, वय एक्याऐंशी. सरपण आणायला गेला असताना मेंदूचा झटका येऊन कोसळला होता. शब्द सगळे गेले होते, हा एक तेवढा उरला होता. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर थंडीनेच काम तमाम केलं असतं.

मॅग्नुस दुपारी येर्डिसच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मी तोडला असता."

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं आणि मी इथे बावीस वर्षं लपवत होते. तुझ्याहून मीच वेडी."

वसंतात वरिष्ठांनी तिला नव्या लोकांना शिकवायला सांगितलं. अख्ख्या देशातून आलेले बारा जण समोर बसले होते. मला वाटलं, ती लाजेल. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या गावात हो असं म्हणतात," आणि श्वास ओढून दाखवला. मग एकेकाकडून करून घेतला. शिट्टी नको, सुस्कारा नको, असं सांगत ती रांगेतून फिरत होती. मॅग्नुस आपणहून येऊन मागच्या बाकावर बसला होता. त्याचे पाच प्रयत्न फसले आणि सहाव्याला ठसका लागला.

"बरं आहे," येर्डिस म्हणाली. "पण तू अजून सूप भुरकतोयस. पुन्हा कर."