हात आवरण्याची शिकवणी

माझी सून ठाण्याला एका कंपनीत नोकरीला आहे. मोठमोठ्या साहेबांना आणि पुढाऱ्यांना टीव्हीवर मुलाखत कशी द्यायची, ते ती शिकवते. लग्न ठरताना हे ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं. बोलायला शिकवायचा पगार मिळतो? मग मी जन्मभर फुकटच बोलले म्हणायचं.

गेल्या उन्हाळ्यात तिच्यापुढे शिकायला बसायची पाळी माझ्यावर आली. आम्ही ठाण्याच्या पुढे, दिव्याला राहतो. आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं यायचं, आणि मे महिन्यात तर तेही बंद झालं. सगळं टँकरवर आणि विकतच्या जारवर. अर्ज झाले, फेऱ्या झाल्या. शेवटी एका चॅनेलने यायचं कबूल केलं. बोलणार कोण म्हटल्यावर सगळ्या बायकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. भांडायला मीच पुढे असते, हे काही खोटं नाही. तिसऱ्या मजल्यावरची नुकती बाळंत झालेली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हीच बोला. आमच्याकडे बाळाचे कपडे धुवायला पण पाणी नाय." मग मी कसली मागे हटते.

सुनेने मला टेबलाशी बसवलं आणि मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. "आई, तीनच वाक्यं. पाणी कधीपासून नाही, त्याने काय हाल होतायत, आणि आपल्याला काय हवंय. ते काहीही विचारू देत, तुम्ही फिरून तिथेच यायचं."

मी टँकरवरच्या भांडणापासून सुरुवात केली की ती हात वर करायची. बिल्डरला शिव्या घालायला लागले, की पुन्हा हात वर.

"अगं, पण मागचं-पुढचं सांगायला नको?"

"नको. ते काय कापतील आणि काय ठेवतील, आपल्या हातात नसतं."

चार-पाच संध्याकाळी तिने माझ्याकडून घोटून घेतलं. इतकं की भाकऱ्या थापतानाही तोंडात तीच वाक्यं यायची.

चॅनेलवाले भर दुपारी आले. वार्ताहर आणि कॅमेरावाला, चार मजले चढून घामाघूम झालेले. दारात माणूस दिसलं की माझे हात मला विचारायला थांबत नाहीत. आत गेले, फ्रीजमधली बाटली काढली, दोन ग्लास काठोकाठ भरले आणि ट्रेमधून बाहेर आणले. मग बसून तिन्ही वाक्यं खणखणीत बोलले. सुनेला ऑफिसात फोन करून सांगितलं, पैकीच्या पैकी!

संध्याकाळी बातमी लागली. आवाज माझा, "नळाला थेंब नाही." आणि पडद्यावरही मीच, गार पाणी वाटताना. कॅमेरा दारातूनच चालू होता. पाठोपाठ पालिकेचे कुणी अधिकारी हसत सांगत होते, टंचाई असती तर एवढा पाहुणचार झाला असता का, तुम्हीच बघा. कल्याणच्या माझ्या जावेने ती क्लिप मलाच पाठवली, दात दाखवणाऱ्या चेहऱ्यांसकट.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत बायका माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ती बाळंतीण तेवढी म्हणाली, "काकू, एक दिवस पाणी विचारलं नसतं तर काय झालं असतं?" पोटतिडकीने विचारलं होतं तिने. मी हंडा उचलून वर आले.

सून रागावली नाही. म्हणाली, "चूक माझी. मी नुसती तोंडाची तयारी करून घेतली." तिने ओळखीतून दुसऱ्या चॅनेलला राजी केलं आणि या वेळी तालीम हातांची घेतली. ती वार्ताहर होऊन दारातून आत यायची आणि मी खुर्चीतून उठायचं नाही. उठलेच मी, दर वेळी. मग तिने माझ्या मांडीवर उशी दिली. हात त्यावर, आणि हलायचं नाही.

आली ती एक मुलगी. एकटीच, कॅमेऱ्याचा स्टँड स्वतःच खांद्यावर घेऊन. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले. तिने कॅमेरा लावला, चालू केला, समोर बसली. मी वाक्यं जुळवत होते. प्रश्न विचारण्याआधी ती हळूच म्हणाली, "काकू, आधी थोडं पाणी मिळेल का?"

स्वयंपाकघरात हंडा भरलेला होता, सकाळीच टँकरवरून आणलेला. दारात सगळ्या बायका उभ्या होत्या, बाळाला घेऊन ती बाळंतीणही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि उशी घट्ट धरली.

"पाणी नाहीये गं, बाळा."

"असू दे, असू दे," ती म्हणाली आणि ओठांवरून जीभ फिरवून तिने पहिला प्रश्न विचारला. तिचा आवाज चिरकत होता.

माझी तीन वाक्यं त्यांनी लावलीच नाहीत. लावलं ते एवढंच, तिचं मागणं आणि माझं नाही म्हणणं. दिवसभर तेच चाललं होतं. आठवड्याच्या आत खोदकाम होऊन नवी जोडणी मिळाली. बायकांनी पेढे वाटले. बाळंतिणीने बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं, तर मला त्याच्याकडे धड बघवेना.

सून आता ती क्लिप आपल्या साहेबांना शिकवताना दाखवते. "आई, सगळे विचारतात, एवढं सहज कसं जमलं त्यांना?" मी विषय बदलते. लाज वाटते मला, दुसरं काय सांगू? ती मुलगी सामान आवरून निघाली तेव्हा मी ग्लास भरून तिच्यामागे दारापर्यंत गेले होते. बायका अजून जिन्यातच होत्या, म्हणून तो पदराखाली धरला. ती एकेक मजला उतरत गेली आणि मला हाक मारता आली नाही. खालचं गेट वाजलं, तेव्हा ते पाणी मी परत हंड्यात ओतलं.