जबडा, मोटर आणि सेहेचाळीस वेढे

एकाहत्तर सालची गोष्ट. काष्टीचा बाजार भरला होता, समोर गरम भजी होती आणि मला तोंडच उघडता येईना... नखानं तुकडा तोडून दातांच्या फटीतून आत सारला. दोस्तमंडळी हसली, बायकोशी भांडून आलास का म्हणाली.

भांडण कसलं! उजव्या कानाखालून कानशिलापर्यंत जबडा ठणकत होता. महिना होत आला होता.

मी तेव्हा पंचविशीत. शाळा चौथीपर्यंतच, पण गावात मोटर भरायचं पहिलं दुकान माझं. विहिरीवरची मोटर जळली की आतली जळकी तार काढायची आणि नवी गुंडाळून भरायची. मला हे कुणी शिकवलं नाही. भंगारातली एक मोटर उसवली, एकेक वेढा मोजून वहीत लिहिला, तसाच परत भरला... आणि ती फिरली. मग काय, आमची कॉलर ताठ!

त्याआधी मोटर नगरला न्यावी लागे. आठ-आठ दिवस जात, तोवर उभं पीक माना टाकी. माझ्याकडं तीन दिवसांत काम, म्हणून दुकानापुढं सदा माणसं बसलेली. झाली का, अजून किती, हे चालूच.

आणि सगळा खेळ तर मोजण्याचा. एका कॉइलला सेहेचाळीस वेढे म्हणजे सेहेचाळीसच. कमी पडले तर मोटर तापून पुन्हा जळणार. मधेच कुणी बोललं की आकडा गेला... पहिल्यापासून सुरू. म्हणून तार गुंडाळायच्या यंत्राचं हँडल फिरवायला लागलो की मी दात गच्च आवळून घ्यायचो आणि मनात मोजायचो.

दाढच दुखतेय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लवंग धरून झाली, मिठाच्या पुरचुंडीनं शेकून झालं. शेवटी बाजारात बसणाऱ्या एका दात काढणाऱ्यापुढं मीच जाऊन बसलो. त्यानं चांगली धडधाकट दाढ उपटून माझ्या हातावर ठेवली. दाढ गेली, दुखणं जागच्या जागी!

मग श्रीगोंद्याचे डॉक्टर. त्यांनी गालावर बोटं दाबून पाहिली, काम काय करता ते विचारलं. म्हणाले, दातांत काही नाही, काळजीपायी जबडा आवळून धरता तुम्ही. मला रागच आला. टेन्शन हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता, आणि काळजीनं जबडा दुखतो हे कुणी ऐकलंय? घरी येऊन बायकोला, हौसाला, एवढंच सांगितलं की डॉक्टरला काही कळत नाही.

पण काळजी होती... आणि त्याच आठवड्यात तीत सरूआत्याची भर पडली. वस्तीवर एकटी राहणारी बाई, नवरा गेलेला, दोन एकर उन्हाळी कांदा एकटीनं उभा केलेला. तिची मोटर मी भरून दिली आणि ती चौथ्या दिवशी जळली. मोजण्यात चूक माझीच. आत्यानं मोटर परत आणून दुकानात टेकवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "लेका, मोटर भरतूस का गोधडी शिवतूस? आता पुन्यांदा जळली तर माझा कांदा मातीतच ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी कामाला बसलो तर जबडा पुरता अडकलेला. तीनदा तार गुंडाळली, तीनदा आकडा हुकला.

हौसा दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन आली होती. आकडा परत हुकलेला तिनं पाहिला. मग ताट खाली ठेवून समोर बसली. "आकडं मी मोजते. तुमी निस्तं हात चालवा."

हौसानं शाळा पाहिली नव्हती. तिची मोजणी विसाची, तिच्या आईकडून आलेली... वीस झाले की एक इसा. सेहेचाळीस म्हणजे दोन इसा आणि सहा. दर विसाला ती जमिनीवर एक खडा ठेवणार. चार माणसांदेखत बायको दुकानात बसणार हे मला काही पटेना, पण आत्याचा कांदा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

दोन कॉइल झाल्या आणि हौसानं मला थांबवलं. "तुमी बी मनात मोजताय व्हय? दात तर तसंच गच्च हायेत. मंग मी कशापायी बसले?"

चोरी पकडली गेली... तिच्यावर माझा भरवसाच नव्हता.

तिसऱ्या कॉइलला मी मोजणं सोडलं. फार जड गेलं... हँडल फिरतंय आणि डोक्यात आकडा नाही. मग पुढं बसलेल्या माणसांशी मुद्दाम बोलायला लागलो, कुणाच्या बैलाबद्दल, कुणाच्या सोयरिकीबद्दल. हौसा बास म्हणाली की थांबायचं, चल म्हणाली की सुरू. दुपारी बोलता बोलता मला जांभई आली. चांगली मोठी, आ वासून... महिन्यात पहिल्यांदा! जबडा कधी सुटला ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

कॉइलवर चढवलेलं वार्निश वाळल्यावर मोटर विहिरीवर बसवली, हौसालाही बरोबर नेलं. स्टार्टरचं बटन दाबलं, पाइप थरथरला आणि पाणी पाटात पडलं. आत्या बराच वेळ मोटरीवर तळहात ठेवून बसली, तापते का ते बघत. मोटर गारच.

या खेपेला काय वेगळं केलंस, असं तिनं विचारलं. आजूबाजूला वस्तीवरची चार माणसं होती. मी म्हणालो, "भरली मी, आत्या. मोजली हिनं."

आत्या हौसाकडं वळली. "जळायची न्हाई ना गं आता?"

"न्हाई जळायची," हौसा म्हणाली.

जळेल का, हे मला कुणी विचारलंच नाही... आणि तरी माझी छाती अशी फुगली की काय सांगू.

आत्याचा कांदा निघाला. ती मोटर पुढं कित्येक वर्षं चालली. आणि लोक मोटर घेऊन आले की दारातूनच विचारायला लागले, वहिनी हायेत का मोजायला?

जबडा त्यानंतर कधी धरलाच नाही असं नाही. धरला की ओळखतो, काहीतरी मी एकटाच आवळून बसलोय... मग हौसाला हाक मारतो. ती अजूनही 'आले' म्हणते, याहून मोठं भाग्य ते काय.